ताटाच्या कडेवरची फुली

शाळेचे गणवेश शिवायचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं होतं. २०२३ चा जुलै. तोवर सरकारी गणवेश सगळ्या मुलींना मिळायचा, पण मुलग्यांत फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. त्यामुळे दर जूनमध्ये वर्गात यादी वाचली जायची आणि कोण कुठल्या जातीचं हे पहिलीतल्या पोरालाही कळायचं. त्या वर्षापासून सगळ्यांनाच मिळणार म्हणून मी खूष होते. एक तर यादी बंद झाली, आणि खरं सांगायचं तर मला चौसष्ट पोरांचं काम मिळालं.

टेप गळ्यात टाकून व्हरांड्यात मापं घेत होते, तेवढ्यात खिचडीची सुट्टी झाली. पोरं ताटं घ्यायला पळाली. बहुतेकांनी रॅकमधली घेतली. अकरा पोरं मात्र सिलिंडरच्या मागं गेली, तिथल्या खोक्यातून ताटं काढली आणि व्हरांड्याच्या पार टोकाला, नळाच्या बाजूला जाऊन बसली. कुणी त्यांना ‘तिकडं बसा’ म्हटलं नाही. म्हणायची गरजच उरली नव्हती.

रात्री लेकीला विचारलं. ती तेव्हा चौथीत होती. “ती फुलीवाली ताटं आहेत,” ती म्हणाली. फुली कशाला? “आपल्या ताटांत मिसळू नयेत म्हणून.” पाढा म्हणावा तसं म्हणाली आणि गृहपाठाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी राहिलेली मापं घ्यायच्या निमित्ताने पुन्हा गेले. खोक्यातलं वरचं ताट उचललं. साधं स्टीलचं ताट, कप्पे नसलेलं. कडेवर खिळ्याने तासून तासून फुली मारलेली. एक रेघ सरळ होती, दुसरी मध्येच घसरून वाकडी झालेली. ते ताट मी पिशवीत कापडाखाली घालून घरी आणलं. चोरीच ती.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. ती अकरा पोरं गायरानावरच्या पारधी वस्तीवरची. सोलापूर शहरात आजही ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. इंग्रजांनी तारांच्या कुंपणात या लोकांना डांबलं होतं, त्याचं नाव उरलंय. अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण गावात कुणाची मोटर चोरीला गेली की पोलिसांची गाडी अजून आधी वस्तीवरच जाते, आणि गावातल्या आया पोरांना अजून ‘पारध्याला देईन’ म्हणून भीती घालतात. मीही घातली आहे.

मुख्याध्यापकांना विचारलं. माणूस वाईट नाही. पोरांसाठी स्वतःच्या पैशाने खडू-कागद आणणारा. “ताई, ते कोरोनापासूनचं आहे,” म्हणाले. “शिजवलेला आहार परत सुरू झाला तेव्हा बाकीची पोरं घरून ताट आणायची. वस्तीवरच्यांकडं नव्हती, म्हणून शाळेची दिली. मग तशीच राहिली.”

“आणि फुली?”

“ती स्वयंपाकाच्या मावशींनी मारली असेल.”

मावशींना गाठलं. त्या भांडी घासत होत्या, मान वर केली नाही. “मी मारल्या. मीटिंगीत ठरलं म्हणून सांगितलं, मी केलं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझ्या हातची खिचडी नको म्हणून पोरांच्या डब्यात चपाती देत हुते, तवा न्हाई कुणी आलं टेप घिऊन.” मावशी बौद्ध आहेत. मध्यान्ह भोजनात स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. पण त्यांचं काम टिकवायचं की नाही हे गावच ठरवतं, आणि गावाने सांगितलं तर खिळा हातात घेणं त्यांना भाग असतं. मी गप्प बसले.

पण मीटिंग कसली? शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष तर मीच होते.

याचा खुलासा करायला हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत पाऊणहिस्सा पालक आणि निम्म्या बाया लागतात. दुर्बल आणि वंचित घरांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आमच्याकडे बाई हवी म्हणून माझं नाव घातलं गेलं. बैठकीला नवरा जाऊन बसायचा, रजिस्टर संध्याकाळी घरी यायचं आणि मी मशीनवरून न उठता सही करायची. कुठं करायची तेवढं विचारायची, कशावर ते नाही.

इतिवृत्ताचं रजिस्टर मागितलं तर सर आधी का-कू करत होते. मग दिलं. मार्च २०२२ ची बैठक, विषय क्रमांक चार. ‘विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने काही विद्यार्थ्यांची ताटे स्वतंत्र ठेवण्यात यावीत. ठराव सर्वानुमते मंजूर.’ खाली माझी सही. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची मला सवय आहे, ते शेपूटसुद्धा होतं. सहीच्या शेजारी जांभळा अंगठा होता, वस्तीवरच्या सदस्याचा. म्हणजे ज्याच्या पोरांची ताटं वेगळी करायची त्याचीही संमती कागदावर होती.

जात नाही, वस्ती नाही, कुणाचं नाव नाही. ‘काही विद्यार्थी.’ एवढ्या स्वच्छ भाषेत ही गोष्ट लिहिता येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी वस्तीवर गेले. गावात वीस वर्षं राहून पहिल्यांदा. अंगठेवाला पुण्याकडं कामाला गेला होता. त्याची आई बाहेर बसली होती. मी सगळं सांगितलं, ठरावाचं, सहीचं. म्हातारीने ऐकून घेतलं. “रजिस्टर येतंय, त्यो अंगठा देतोय. खिचडीचं हाय म्हंत्यात, तर न्हाई कसं म्हनायचं?”

मी तक्रारीचं बोलले. पोलिसात जाता येईल म्हणाले.

“पोलिसात?” म्हातारी हसली. “बाई, आमी तितं सोताहून जात न्हाई. आमाला नेत्यात.”

तिची नात तिसरीत होती. आधी ती आजीशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. कानाला गुजरातीसारखी लागते ती भाषा. मग मला मराठीत म्हणाली, “माजं ताट गावलं न्हाई आज. माजी फुली वाकडी हाय.” त्या दिवशी तिने भावाच्या ताटात खाल्लं होतं.

ते ताट माझ्या घरी होतं. मला बोलता आलं नाही.

तालुक्याच्या कोर्टात एक ओळखीचे वकील आहेत, चळवळीतले. त्यांच्यापुढे ताट ठेवलं. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे अॅट्रॉसिटीचा रस्ता होता. अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा होता. आणि शिक्षण हक्क कायदा, २००९. त्यात कलम ९ प्रमाणे दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, म्हणजे आमच्याकडे जिल्हा परिषदेची. कलम १७ प्रमाणे मारणं जसं बंद तसा मानसिक छळही बंद. आणि कलम ३२ प्रमाणे कुणीही लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यावा लागतो. तिथं न्याय मिळाला नाही तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील.

मी ३२ चा रस्ता धरला. यावरून मला दोघातिघांनी नंतर सुनावलं की गुन्हा दाखल करायला हवा होता, तुम्ही गावाला सांभाळून घेतलंत. असेलही. पण गुन्हा दाखल झाल्यावर रात्री वस्तीवर राहायचं होतं म्हातारीला, मला नव्हे. ती नको म्हणाली, तिथं तो विषय संपला.

अर्ज मी लिहून नेला होता, चार पानी. वकिलांनी लाल पेन घेतलं आणि ‘अत्यंत निंदनीय’, ‘माणुसकीला काळिमा’ वगैरे सगळं खोडलं. “काय वाटलं ते लिहू नका, काय दिसलं ते लिहा.” मग उरलं ते असं: अमुक तारखेला, दुपारी इतक्या वाजता, इतकी मुलं, या खोक्यातली ताटं, या जागी बसली. ताटावर फुली. ठराव क्रमांक चारची नक्कल सोबत. आणि माझ्या आग्रहावरून एक ओळ: ‘सदर ठरावावर अर्जदाराची स्वतःची सही आहे.’ वकील म्हणाले, ही कशाला, तुमच्यावर उलटेल. मी ठेवली.

अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. पंचायत समितीत लिपिक म्हणाले, “ठेवून जा, साहेब आल्यावर देतो.” पोच मागितली तर शिक्का सापडेना. मी बाकावर बसून राहिले. माझ्यासोबत वकीलही. वेळ घालवायला त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती लक्षात राहिली. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशाचा अर्ज केला होता. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. प्रवेश नाकारला गेला, का तर बाकीचे लोक पोरं काढून घेतील आणि शाळा ओस पडेल. प्रकरण वरपर्यंत गेलं, तेव्हा कुठं सरकारी शाळा सगळ्या वर्गांसाठी खुल्या आहेत असं वरून कळवण्यात आलं. “अर्ज त्या पोराने केला होता,” वकील म्हणाले, “आणि कारण तुमच्या गावात पुढच्या महिन्यात ऐकायला मिळेल तेच होतं.” शिक्का पावणेपाचला सापडला. आवक क्रमांक घेऊनच उठलो. कुणाला अशी वेळ आली तर सांगते, आवक क्रमांकाशिवाय उठू नका. पुढं सगळे त्यावरच बोलतात.

तीन आठवड्यांनी विस्तार अधिकारी शाळेत आले. आदल्या दिवशी फोन करून. त्यामुळे त्या दिवशी सगळी पोरं एका रांगेत बसली होती, फुलीवाली ताटं कपाटात आणि वस्तीवरच्या पोरांच्या केसांना चपचपीत तेल. साहेबांनी मुख्याध्यापकांच्या देखत विचारलं, “तुम्हाला कुणी वेगळं बसवतं का रे?” अकरा पोरं एका सुरात “नाही सर.” दुसरं काय म्हणतील? पहिलीतल्या दोघांना तर प्रश्नच कळला नव्हता, त्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत. अहवालात आलं: भेदभाव आढळून आला नाही.

मी दुसरा अर्ज दिला, सुनावणी मागितली. ती मिळाली सप्टेंबरच्या शेवटी. पंचायत समितीच्या छोट्या खोलीत गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, आमचे सर आणि मी. मी पिशवीतून ताट काढून टेबलावर ठेवलं.

“हे कुठून आणलं?”

“शाळेतून.”

“कुणाच्या परवानगीने?”

“कुणाच्याच नाही. चोरून.”

केंद्रप्रमुखांना हसू आलं. मग मी ठराव वाचून दाखवला आणि सही दाखवली. म्हणाले, सरांनी एकट्याने केलं असं माझं म्हणणं नाही. लिहिलं त्यांनी, सही माझी, खिळा मावशींच्या हातात आणि सांगितलं कुणी ते गावात सगळ्यांना माहीत आहे. कागदावर त्याचं नाव नाही. आमचे सर तोवर छातीशी फाइल धरून बसले होते. ती त्यांनी टेबलावर ठेवली. पहिल्यांदाच म्हणाले, “साहेब, ताटं वेगळी होती. माझ्याकडून बंद करायचं राहिलं.” वकिलांनी खोडायला सांगितलेली ती ओळ अशी कामाला आली. सगळं सरांच्या डोक्यावर घातलं असतं तर ते शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिले असते.

आदेश ऑक्टोबरमध्ये आला. ठराव रद्द. ताटं एकत्र. पंगत हजेरी क्रमांकाप्रमाणे. समितीची तिमाही एक बैठक वस्तीवर. केंद्रप्रमुखांनी न कळवता भेट द्यायची.

कागद हातात आला आणि खरं प्रकरण सुरू झालं.

शनिवारी पालकांची बैठक लागली. एरवी दहा माणसं येत नाहीत, त्या दिवशी व्हरांडा भरला. बाया जास्त. माझ्याच गल्लीतली एक म्हणाली, “वहिनी, तुमाला भेदभाव बंद करायचाय ना, करा. आमी आमची पोरं इंग्लिश मीडियमला घालतो.” तालुक्याच्या शाळेची व्हॅन तोवर गावात यायला लागलीच होती. सात-आठ घरांनी हात वर केले. मागून एकजण बोलला, “पट कमी झाला तर गुरुजी जातील, मग बसा सगळे एकत्र.”

कायदा मी पाठ करून गेले होते. कलम ९, कलम १७, अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम १७. तो संविधानातला सतरावा आकडा मी म्हटला सुद्धा. कुणाच्या चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

मग पटाचं बोलणं कानात राहिलं होतं म्हणून फळ्यापाशी गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन. हे आमच्या गावात सगळ्यांना येतं, संचमान्यतेच्या वेळी, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं तेव्हा, दरवर्षी चर्चा असते. आमचा पट ६४. फळ्यावर लिहिलं, ६४ वजा ११. उत्तर एका चौथीतल्या पोराने खिडकीतून ओरडून सांगितलं. ५३.

“वस्तीवरची पोरं शाळेत आहेत म्हणून आपल्याला तिसरे गुरुजी आहेत,” मी म्हणाले. “उद्या ती यायची बंद झाली तर दोनच राहतील. मग पहिली-दुसरी-तिसरी एका खोलीत.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पारावर बसणारे एक आजोबा म्हणाले, “म्हंजी ती हायेत म्हणून आपली शिकत्यात.” कुणीतरी हसलं आणि बैठक सुटली. पुढच्या महिन्याभरात दोनच पोरं व्हॅनमध्ये बसली. पट ६२. गुरुजी राहिले.

लोक मला हे फार हुशारीचं केलं म्हणतात. मला ते अजून रुचत नाही. आमचा पट पंच्याहत्तर असता तर? मग ती अकरा पोरं गेली तरी चौसष्ट उरली असती आणि माझ्याकडे फळ्यावर लिहायला काही नसतं. पोराने इतरांसोबत बसावं यासाठी त्याचा इतरांना काही उपयोग दाखवावा लागला. त्या दिवशी दुसरं काही चाललं नसतं हेही तितकंच खरं.

पंगतीचं म्हणाल तर पहिला आठवडा विचित्र गेला. हजेरी क्रमांकाने बसवलं की गावातली पोरं हातभर सरकून बसायची, वस्तीवरची आपलं ताट मांडीवर घ्यायची. आहाराची चव बघायला पालकाने जायचं असतं, चव रजिस्टरवर सही असते. मी रोज जायला लागले आणि या वेळी खाऊन सही करायला लागले. दुसऱ्या आठवड्यात अंतर कमी झालं, कशाने ते मला सांगता येणार नाही. बहुधा लोणच्याने. माझी लेक घरून लोणचं न्यायची आणि ते मिळायचं तर जवळ बसावं लागायचं.

वस्तीवर पहिली बैठक डिसेंबरात झाली. अंगठेवाला सदस्य पुण्याहून आला होता. सरांनी इतिवृत्त मोठ्याने वाचलं, प्रत्येक विषय. अंगठा देण्याआधी त्याने विचारलं, “यात काही विद्यार्थी असं कुठं लिवलंय का?” सर म्हणाले, नाही. मग त्याने अंगठा दिला.

मला काय भोगावं लागलं हे विचारतात. फार नाही. दिवाळीत एरवी चाळीसेक ब्लाउज असतात, त्या वर्षी नऊ आले. नवरा पंधरा दिवस बोलला नाही, तो आराम होता. संक्रांतीपर्यंत गिऱ्हाईक परत आलं, कारण आमच्या गावात कटोरी ब्लाउज शिवणारी मी एकटीच आहे.

फुलीवाली ताटं मात्र टाकता येईनात. शाळेची वस्तू, डेडस्टॉक रजिस्टरवर नोंद. मोडीत काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याला मंजुरी. तोवर ती दोरीने बांधून कपाटाच्या वर. मधून मधून सरांचा फोन येतो, “ताई, एक ताट कमी भरतंय. अकरा दाखवायला लागतात.” मी म्हणायची, पाठवते. सुनावणीनंतर ते ताट माझ्याचकडे राहिलं होतं, मशीनच्या फळीवर. त्यात मी बॉबिनी ठेवायची.

गेल्या जूनमध्ये ती वस्तीवरची पोर गणवेशाच्या मापाला घरी आली. आता पाचवीत आहे, उंची वाढलीय, खांद्याला दीड इंच जास्त धरावं लागलं. हात वर करून उभी असताना तिची नजर फळीवर गेली.

“ते माजं ताट.”

“हो.”

“नेऊ का? घरी एक कमी हाय.”

मी बॉबिनी काढून डबीत ओतल्या, ताट पुसलं आणि तिला दिलं. सरांच्या रजिस्टरला एक ताट अजून कमीच भरतंय.